जावयाच्या गाडीला थंड हवा

अंबाडी,
९ मार्च २०२६

प्रितम यास,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी वयाने मोठा आहे, तुझ्या बहिणीचा नवरा आहे, तेव्हा लिहिला असं समज आणि पुढे वाच. होळीच्या दिवशी तू फोनवर जे तोंड सोडलंस, त्यानंतर तुझा नंबर मी ब्लॉक केलाय आणि तो तसाच राहणार. शिवाय लेखी असलेलं बरं असतं. उद्या ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणायला तू मोकळा नकोस. तुमच्या कशेळीच्या गोडाऊनचा टेंपो रोज वाड्याला जाताना अंबाडी नाक्यावर माझ्या दुकानासमोर चहाला थांबतो. ड्रायव्हर रघू माणूस बरा आहे, त्याच्या हाती हे देतो.

मुद्दा गाडीचा. माझी लाल गाडी कंपनीतून आली तशी सुखाने चालत होती. तुला सुचलं, म्हणून आधी मोठा सायलेन्सर लागला. मग लॅपटॉप जोडून तू इंजिनाचं डोकं फिरवलंस. मग संक्रांतीला आम्ही कशेळीला आलो, तर म्हणालास, दाजी, तुमचं इंजिन बोनेटमधली तापलेली हवा पितंय, त्याला बाहेरची थंड हवा पाजतो. पाजलीस. थोडे दिवस गाडी अशी पळाली की वाडा रोडवर माझ्यापुढे कोणी टिकेना. आणि आता चढावर सिमेंटचा मिक्सर मला हॉर्न मारून पुढे जातो. परवा एका रिक्षावाल्याने ‘शेठ, धक्का मारू का’ असं विचारलं. अंबाडीत मला चार लोक ओळखतात, माझं पाईप-फिटिंगचं दुकान आहे, मी काही वाटेवरचा माणूस नाही.

तेव्हा तुझ्या कामात खोट होती, हे तू कागदावर लिहून, खाली सही करून मला द्यायचं. मे महिन्यात धोंड्याचा महिना लागतो. लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच. सासूबाईंनी आत्तापासून दिपालीला अनारशांचं विचारायला सुरुवात केली आहे. पण तुझा कागद हातात आल्याशिवाय मी तुमच्या पाटावर बसणार नाही. आणि मी नाही तर दिपालीही नाही. बायकोला एकटीला माहेरी जेवायला पाठवायची आमच्यात पद्धत नाही.

भावेश


कशेळी,
११ मार्च २०२६

ति. दाजींना,

शि. सा. नमस्कार. हा नमस्कार आईने समोर बसून लिहून घेतला आहे, माझा नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुमच्या गावापर्यंत पोचली असेल असं समजून लिहितो. गाडी माझ्या शेडमधून बाहेर पडली तेव्हा वाऱ्यासारखी होती, हे तुम्ही स्वतः लिहिलंय. म्हणजे माझं काम ठीक होतं. त्यानंतर ती तुमच्याकडे राहिली. आता खोट कुणाकडे शोधायची ते तुम्हीच सांगा.

तुम्हाला समजलं नसेल म्हणून पुन्हा एकदा सांगतो. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते. बोनेट बंद असताना कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की आतली हवा इस्त्रीसारखी तापते. तापलेली हवा विरळ, तिच्यात जोर नाही. थंड हवा दाट, ती मिळाली की गाडी ओढते. म्हणून मी फिल्टरभोवती पत्र्याची पेटी बांधली, झाकणाला रबर लावलं, आणि पेटीतून पाईप खाली डाव्या बंपरच्या मागे नेला. त्या पाईपचं तोंड तिथे आहे. गाडी तिथून श्वास घेते. हे काम चाललं तेव्हा ताईने बॅटरीचा उजेड धरला होता. चालू इंजिनात त्या तोंडावर हात ठेवला की गाडी कशी गुदमरते, ते मी तिला दाखवलं. तिला एका झटक्यात कळलं. तुम्ही तेव्हा आत मटणाच्या दुसऱ्या वाढीची वाट बघत होतात.

फिल्टर शेवटचा कधी धुतलात? वाडा रोडवर खडीचे डंपर दिवसभर धूळ उडवतात. की टायरवाल्याकडे नेऊन हवेच्या नळीने फडफडवलात? तसं केलं असेल तर तो फाटला. गाढवाला गुळाची चव काय. आई म्हणते, ही ओळ खोड. खोडत नाही.

कागद मिळणार नाही. ठाण्यापासून पोरं माझ्याकडे गाड्या घेऊन येतात ती माझ्या नावावर येतात. माझ्याकडे बोर्ड नाही, डिग्री नाही, एवढं नावच आहे. तुमच्या रुसव्यासाठी ते पुसून टाकायला मी तयार नाही. आईचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: “भांडान तुमचा हाय. माजे लेकीचा पाट कशाला रिकामा ठेवताव?” उत्तर तिला द्या.

प्रितम


अंबाडी,
२१ मार्च २०२६

प्रितम यास,

पाडव्याला आम्ही आलो नाही हे लक्षात आलंच असेल. सासूबाईंना काय उत्तर द्यायचं ते मी त्यांना फोनवर दिलंय. तुझ्यामार्फत द्यायची गरज नाही.

फिल्टर मी स्वतः काढला. साबणाच्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला, परत बसवला. काडीचाही फरक नाही. मग भिवंडीला एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने बोनेट उघडलं, तुझी पेटी बघितली आणि विचारलं, “ये किस बच्चेने बनाया?” मी तुझं नाव सांगितलं नाही. मेव्हण्याची अब्रू म्हणजे शेवटी आपलीच असते. तू जरा इकडूनही शीक.

त्याने मला एक डबी दिली. स्टिअरिंगच्या खाली लावायची, मग फोनवर आकडे दिसतात. इंजिन किती गरम हवा ओढतंय तेही दिसतं. काल दुपारी बाहेर छत्तीस होतं आणि तुझ्या त्या थंड पाईपातून इंजिनात चाललेली हवा बासष्ट. बासष्ट! यात अंडं उकडेल. हीच का रे तुझी काश्मीरची हवा? उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण तू उंटही भाड्याने आणलेला दिसतोस.

हे आकडे मी दिपालीला दाखवले. म्हटलं, बघ तुझ्या भावाचे प्रताप. ती खिडकीबाहेर बघत बसली. तिलाही मनातून लाज वाटत असणार. सख्खा भाऊ आहे, बोलणार काय?

कागदाची वाट बघतोय.

भावेश


कशेळी,
२५ मार्च २०२६

ति. दाजींना,

नमस्कार आईचा.

बासष्ट हा आकडा वाचून पहिल्यांदा मला तुमच्या पत्रातलं काहीतरी उपयोगी वाटलं. माझ्या पेटीत बासष्ट येऊच शकत नाही. मी स्वतः मोजून दिली होती, बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच जास्त, बस. बासष्ट याचा अर्थ एकच. इंजिन खालच्या तोंडातून हवा घेत नाहीये, बोनेटमधली हवा पेटीच्या फटीतून ओढतंय. म्हणजे झाकणाचं रबर कोणीतरी काढलं किंवा वाकडं बसवलं. आणि पेटी कोणी उघडली? आधी तुम्ही, मग तुमचा तो जुना मिस्त्री. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

गाडी कशेळीला आणा. मी तुमच्यासमोर झाकण उघडतो. रबर जागेवर सापडलं तर तुम्ही म्हणाल ते लिहून देतो. पण तुम्ही आणणार नाही, कारण तुम्हाला गाडी दुरुस्त व्हायला नकोच आहे. तुम्हाला सासुरवाडीने कान धरायला हवाय. दुकानात पीव्हीसीची नळी विकणाऱ्या माणसाला वाटतं, नळी म्हणजे नळी. इंजिनाची नळी आणि मोरीची नळी यात फरक असतो, दाजी.

आई रोज विचारते, कागदाचं काय झालं. मी म्हणतो, तुझ्या जावयाला विचार. काल तिने अनारशांचे तांदूळ भिजवायचं मडकं घासून उन्हात ठेवलं. अजून धोंड्याचा महिना लागायला कितीतरी अवकाश आहे. ती त्या मडक्याकडे बघत बसते आणि मला ते बघवत नाही. याचं पाप तुमच्या डोक्यावर.

प्रितम


अंबाडी,
३ एप्रिल

प्रितम,

आईने पाठवलेले सुके बोंबील मिळाले. रिकाम्या पिशवीत हे घालून रघूकडे देते आहे. ह्यांना बोंबलांचा वास सहन होत नाही, त्यामुळे पिशवीला कोणी हात लावणार नाही.

तुमची दोघांची पत्रं मी वाचते. हे वाचूनच दाखवतात, मोठ्याने, दुकानातल्या माणसांसमोर. तू गाडीचा नाद सोड. गाडी हळू चालते तर चालू दे. कुठे कुणाची गाडी सुटायची आहे? रबर बघतो, पेटी बघतो म्हणून इकडे येऊ नकोस. आलास तर भांडण वाढेल आणि ते माझ्या स्वयंपाकघरात वाढेल, तुझ्या शेडमध्ये नाही.

आईला सांग, मी बरी आहे. अनारशाचं पीठ फार दिवस आधी करून ठेवू नको म्हणावं, आंबतं.

ताई


अंबाडी,
१२ एप्रिल २०२६

प्रितम यास,

रबर जागेवर आहे. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं, कडेने सगळीकडे सारखं बसलंय. आता सांग, पडलास तरी नाक वर ठेवायला अजून कुठली युक्ती उरली आहे?

तुझ्याशी डोकं लावणं मी सोडलंय. ठाण्याला एक मोठं गॅरेज आहे, तिथे मे अखेरचा नंबर लागला आहे. ते तुझं सगळं भंगार उपटून काढणार आणि टर्बो बसवणार. मग वाडा रोडला दाखवतो भावेश कोण आहे ते. तुझी ती नळी मी टाकून देणार नाही. दुकानाच्या दारावर टांगणार आणि खाली तुझं नाव लिहिणार, म्हणजे गिऱ्हाईकांना कळेल मोरीची नळी कुठली आणि इंजिनाची कुठली.

शुक्रवारी आम्ही वज्रेश्वरीच्या यात्रेला येतोय. तुमचंही घर दरवर्षी येतं. समोर आलास तर ओळख दाखवू नकोस. सासूबाईंच्या पाया मी पडेन, तो माझा आणि त्यांचा प्रश्न आहे.

कागद नाही तर धोंडा नाही. हे शेवटचं सांगणं.

भावेश


कशेळी,
१९ एप्रिल

ताई,

हे पत्र बोंबलांच्या पिशवीतच, तळाला, वर्तमानपत्राच्या खाली ठेवलंय. एकटी असताना वाच.

शुक्रवारी तुम्ही वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढत होतात तेव्हा मी तुमच्या गाडीखाली होतो. ते कापणी झालेलं शेत पार्किंगला दिलं होतं ना, तिथे ढेकळांवर, आईने यात्रेसाठी इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट घालून आडवा पडलो. बाजूला खेळणीवाला होता, त्याला म्हटलं, किल्ली पडली आहे. दाजी म्हणतात रबर जागेवर आहे, माझा विश्वास नव्हता. बघायचंच होतं. खालून हात घालून चाचपलं तर रबर खरंच ठीक होतं. मग सहज हात पुढे, बंपरच्या मागे, पाईपच्या तोंडाशी नेला.

तोंडात कापड होतं.

आधी वाटलं, रस्त्यावरचं फडकं ओढलं गेलं असेल. पण ओढलं तर नाडी हाताला लागली. बाहेर काढलं. पिवळी सुती साडी, तुझ्या हळदीला तू नेसली होतीस ती. गोल कापलेली, पदरांवर पदर ठेवून कडेने बारीक धावदोरा घातलेला, आणि ओढून काढायला नाडी शिवलेली. तो टाका मी ओळखतो. आईचा आहे, माझ्या शाळेच्या चड्डीला तोच असायचा. आणि आईने तो एकाच माणसाला शिकवला.

बासष्टचं कोडं तिथेच सुटलं: तोंड कोंडलेलं, मग इंजिन जोर लावून पेटीच्या सांध्यांतून बोनेटची तापलेली हवा ओढणारच. मी ते परत होतं तसं बसवलं आणि उठलो. का बसवलं ते मला विचारू नकोस.

ताई, मला तुझा राग आलाय. इतका राग मला दाजींचा कधी आला नाही. होळीपासून हा माणूस नाक्यावर उभा राहून माझ्या नावाने बोंब मारतोय. मी रात्रंदिवस पेटीचा विचार करतोय, पाईपची गोलाई पुन्हा पुन्हा मोजतोय, आपल्याला काही येतच नाही की काय असं मला वाटायला लागलं होतं. आईने जेवण कमी केलंय. आणि तू सगळं वाचत होतीस, ऐकत होतीस, आणि मला सांगत होतीस की नाद सोड. माझ्याच कामात, मीच दाखवलेल्या जागी तू बोळा कोंबलास. काही दुखत होतं तर सांगायचं होतं. देवाने जीभ दिली आहे ना?

प्रितम


अंबाडी,
२६ एप्रिल

प्रितम,

होय, मीच. दुसरं कोण शिवणार?

जीभ दिली आहे म्हणतोस. मग ऐक, मी ती कुठे कुठे वापरली. फेब्रुवारीत आम्ही भिवंडीहून घरी येत होतो. पुढे खडीचा डंपर, समोरून एसटी. ह्यांनी गाडी मधे घातली. एसटीच्या ड्रायव्हरने तोंड उघडलेलं मला दिसलं, त्याचे दात दिसले, इतक्या जवळून. आम्ही पार झालो तेव्हा माझे हात दाराच्या मुठीवरून सुटेनात. हे हसत होते. त्याच क्षणी ह्यांनी तुला फोन लावला, स्पीकरवर, “प्रितम, काय ओढते रे गाडी!” आणि तू पण हसलास. आठवतंय? तेव्हा मी बोलले होते. मी म्हटलं, प्रितम, हिचा जोर थोडा कमी करून दे रे. तू काय म्हणालास? “ताई, सीटबेल्ट लाव.” आणि तुम्ही दोघं पुन्हा हसलात.

ह्यांना मी घरी सांगितलं, दोनदा सांगितलं, रडून सांगितलं. हे म्हणाले, तुझ्याच भावाने पंख लावलेत, त्याला विचार. तुला विचारलं तर तू बेल्ट लावायला सांगितलास. मग मी कुणाकडे जायचं होतं? गाडी कशी ओढते हे तुम्ही एकमेकांना रोज विचारायचात. डाव्या सीटवर कोण बसतं हे दोघांनीही कधी विचारलं नाही. जीभ वापरून झाली होती, म्हणून सुई घेतली.

आणि तो बोळा नाही, नीट वाच. पहिल्यांदा मी सहा पदर घातले, तर गाडी नाक्यावरच बंद पडली. मग पाच. मग चार. चार पदरांना गाडी चालते, पण उडत नाही. हे दुपारी झोपले की मी खाली वाकून ते काढायचे, उसवायचे, परत शिवायचे. तू लॅपटॉपवर करतोस तेच मी केलं. तुझ्या नावाला धक्का लागला म्हणून तुला राग आला. मला तुझा राग फेब्रुवारीपासून आहे, फक्त मी तो पत्रात लिहिला नाही.

आता पुढचं. मे अखेर गाडी ठाण्याला जाईल. ते लोक बंपर काढतील आणि कापड सापडेल. मग घरात जे ऐकून घ्यावं लागेल ते मी ऐकून घेईन. पण टर्बो बसेल, आणि मी पुन्हा डाव्या सीटवर बसेन, आणि तेव्हा कापडाचा उपयोग होणार नाही. धोंड्याला मला यायचं आहे. आईच्या हातचे अनारसे खायचे आहेत, तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं आहे. पण त्या गाडीतून जीव मुठीत धरून नाही. ह्यांना खरं सांगू नकोस. खरं कळलं तर मी वेडी ठरेन आणि गाडीचा जोर आहे तसाच राहील.

तू काय करायचं ते मी सांगत नाही. तुला इंजिनातलं कळतं. बघ काही कळतंय का.

ताई


कशेळी,
५ मे २०२६

ति. दाजींना,

शि. सा. नमस्कार. हा नमस्कार माझा आहे.

तुम्ही मागितलेला कागद याच पत्राच्या खाली लिहून देतो.

मी, प्रितम दौलत तरे, राहणार कशेळी, लिहून देतो की श्री. भावेश यांच्या लाल गाडीला मी जी थंड हवेची नळी बसवली, तिच्या कामात खोट होती. नळीचं तोंड मी चुकीच्या जागी नेलं. फिल्टर, रबर, चालवणारा माणूस, यांतल्या कुणाचाही दोष नव्हता. मी लॅपटॉपवरून इंजिनात जो बदल केला तोही या गाडीला झेपणारा नव्हता. त्याने इंजिन कमजोर झालं आहे, आता वर टर्बो बसवला तर ते फुटेल. हे मी शुद्धीवर लिहिलं आहे. सही खाली आहे.

गाडी रघूबरोबर पाठवून द्या. माझी पेटी आणि नळी काढतो, कंपनीची जुनी पेटी माझ्याकडे माळ्यावर पडली आहे ती बसवतो, इंजिनाची सेटिंगही कंपनीची होती तशी करतो. सायलेन्सरही जुना लावतो. गाडी कंपनीतून आली तशी सुखाने चालेल, हे तुमचेच शब्द आहेत. बिल नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा असेल त्याला दाखवा. हसायचं असेल तितकं हसा. मला तुम्ही आवडत नाही, आणि हा कागद दिल्यामुळे आवडायला लागाल असंही नाही. पण सात जूनला रविवार आहे. आईने पाट काढून ठेवले आहेत. तुमचा शब्द होता, कागद मिळाला की बसेन. बसा.

प्रितम दौलत तरे


अंबाडी,
९ जून २०२६

प्रितम यास,

आशीर्वाद. या वेळी मनापासून लिहितो, जिंकलेल्या माणसाने मन मोठं ठेवावं.

रविवारी जेवताना आपण बोललो नाही ते उत्तम झालं. धोंडे मऊ होते, अनारशांना जाळी छान पडली होती. सासूबाईंनी चांदीचं निरांजन दिलं तेही मी ठेवून घेतलं. पण वाणाच्या ताटात, तेहतीस अनारशांच्या मधोमध, नवाकोरा एअर फिल्टर ठेवायची पद्धत कुठल्या समाजात आहे ते मला कळव. तो तू ठेवलास हे मला माहीत आहे. मी सासूबाईंकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, “जावयाला जालीचीच वस्तू द्यायाची आसते, बापू. याला पन जाली हाय.” घेतला.

तुझा कागद मी फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या मागे लावला आहे. येणारा-जाणारा वाचतो. गेल्या आठवड्यात ठाण्याची दोन पोरं नळाची तोटी घ्यायला थांबली होती. ती तुला ओळखत होती, त्यांनी फ्रेमचा फोटो काढून नेला. तुझ्याकडची गिऱ्हाइकी जरा कमी झाली असं रघू म्हणत होता. वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याला जे येत नाही ते त्याने करू नये, एवढंच यातून शिक.

गाडी आता शहाण्यासारखी चालते. पूर्वीचा जोर नाही, ओव्हरटेक करायला गेलो तर दोनदा विचार करावा लागतो. ठाण्याचा नंबर मी रद्द केला. इंजिन फुटेल असं तूच लिहून दिलंयस, आणि इंजिन माझं आहे, ते फोडून घ्यायला मी काही वेडा नाही. तुझा नंबर मात्र ब्लॉकच राहील.

दिपाली मजेत आहे. तुझ्या शेडमधून गाडी परत आली तेव्हा बोंबलांच्या पिशवीतून तिला कुठलंसं पिवळं कापड आलं होतं. तिने त्याची छोटी उशी शिवली, मानेखाली घ्यायला. किती वेळा धुतली तरी उशीला ग्रीसचा वास येतो, पण दिपालीला चालतो. रविवारी तुमच्याकडून निघालो तर भिवंडी ओलांडायच्या आत ती त्या उशीवर मान टाकून झोपली. डंपर हॉर्न मारत होते, खड्डे होते, तरी जाग नाही. अंबाडीला दारात आल्यावर हलवून उठवावी लागली. लग्नाला दोन वर्षं झाली, तिला गाडीत झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली. सगळा उशीचा गुण. त्यात तुझा काही हात नाही, हे लक्षात ठेव.

भावेश